अंगाला जाणवलं, म्हणजे इंजिनाला मिळालं?

जुन्या होंडा सिटीवर जीव असलेली मंडळी पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात आजही भेटतात. त्यातही २००० सालाच्या सुमारास आपल्याकडे आलेली १५०० सीसीची ‘व्हीटेक’ सिटी. शंभराहून जास्त अश्वशक्ती ही तेव्हाच्या आपल्या रस्त्यांवर साधी गोष्ट नव्हती. आज ही गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ती बहुतेक कंपनीने दिली तशीच ठेवलेली असते. फार तर एअर फिल्टर बदललेला, सायलेन्सर जरा मोकळा केलेला. आणि मग कधीतरी हा प्रश्न येतोच : व्हीटेक किती आरपीएमला लावू? खाली आणलं तर पिकअप लवकर मिळेल का? वर नेलं तर किक जोरात बसेल का? हा आकडा बदलणारे छोटे इलेक्ट्रॉनिक डबे बाजारात मिळतात, बसवून देणारेही मिळतात. उत्तरं मात्र एकाच पद्धतीची असतात : ‘मी अमुक आकड्यावर ठेवलंय, जबरदस्त ओढते.’

या ‘जबरदस्त ओढते’वर माझा आक्षेप आहे. आकडा बदलण्यावर नाही. इंजिनाला काय मिळालं हे आपण पाठीला बसलेल्या धक्क्यावरून ठरवतो, आणि या एका बाबतीत आपलं शरीर फारच वाईट मीटर आहे. इथे ते नुसतं ढोबळ सांगत नाही, पुष्कळदा उलटं सांगतं.

आधी हे व्हीटेक करतं काय, ते पाहू. इंजिन श्वास घेतं. पिस्टन खाली येतो, आत येणाऱ्या हवेची झडप उघडते आणि सिलिंडर भरतो. तीन हजार आरपीएमला या भरण्याच्या टप्प्याला जेमतेम १० मिलिसेकंद मिळतात, सहा हजारांना पाच. आपल्या हृदयाचंही असंच आहे. ठोके वाढले की आकुंचनाच्या वेळेपेक्षा भरण्याची वेळ कितीतरी जास्त कमी होते. पण हृदयाच्या झडपा दाबातल्या फरकाने आपोआप उघडतात आणि मिटतात. इंजिनाच्या झडपांचं नशीब तेवढं चांगलं नाही. त्या कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याच्या हुकमाने उघडतात, आणि तो उंचवटा एकदा घडवला की घडवला.

अडचण इथेच आहे. हवेलाही वजन आहे, जडत्व आहे. वेगात आत येणारी हवा पिस्टन तळाला पोहोचून वर निघाला तरी काही क्षण आत घुसत राहते. म्हणून जास्त फेऱ्यांना झडप उशिरा मिटलेली बरी, उघडलीही जास्त असलेली बरी. कमी फेऱ्यांना मात्र हाच उशीर नडतो : हवेला जोर नसतो, वर येणारा पिस्टन आत आलेली हवा परत बाहेर ढकलतो. वर एक्झॉस्ट आणि इनटेक या दोन्ही झडपा एकाच वेळी जास्त काळ उघड्या राहिल्या, तर जळलेला वायू उलटा आत येतो आणि गाडी जागेवर उभी असताना थरथरते. एकच कॅम दोन्ही कामं नीट करू शकत नाही. पूर्वी कुठल्या तरी एका बाजूला झुकावं लागायचं.

होंडाने यावर काढलेला तोडगा १९८९ साली जपानमधल्या इंटेग्रा गाडीत आला. बी१६ए हे इंजिन १५९५ सीसीचं, टर्बो नाही, आणि ताकद ७६०० आरपीएमला १६० अश्वशक्ती. म्हणजे लिटरमागे शंभर. रस्त्यावरच्या गाडीसाठी तेव्हा हे नवलच होतं. इकुओ काजितानी यांच्या गटाने झडपांच्या प्रत्येक जोडीसाठी दोन स्वभावांचे उंचवटे एकाच कॅमशाफ्टवर ठेवले, एक शांत आणि एक हावरट. कमी फेऱ्यांना झडपा शांत उंचवट्यावर चालतात. ठरलेल्या आरपीएमला एक सोलेनॉइड ऑइलचा मार्ग उघडतो, ऑइलच्या दाबाने रॉकरमधल्या छोट्या पिना सरकतात, बाजूचे रॉकर मधल्या रॉकरशी जोडले जातात आणि झडपा हावरट उंचवट्याच्या ताब्यात जातात. (आपल्याकडच्या सिटीत यंत्रणा याच तत्त्वाची, पण साधी. एकच कॅमशाफ्ट, आणि हा बदल फक्त इनटेकच्या झडपांना.) नुसता आरपीएम पुरत नाही. गाडीचा संगणक इंजिनावरचा भार, गाडीचा वेग आणि कूलंटचं तापमान पाहूनच परवानगी देतो.

आता मुद्द्याचं. समजा, शांत कॅमवर इंजिन साडेचार हजारांना १४० न्यूटन-मीटर टॉर्क देतंय आणि साडेपाच हजारांपर्यंत ते उतरत १२५ वर येतंय. हावरट कॅमवर नेमकं उलट : साडेचार हजारांना १२५, साडेपाच हजारांना १४०. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण चित्र खऱ्या इंजिनांचं असंच असतं, एक रेघ उतरती आणि एक चढती. आपल्या उदाहरणात त्या पाच हजारांना एकमेकींना छेदतात.

बदल साडेपाच हजारांना लावला तर काय होईल? टॉर्क १२५ पर्यंत घसरेल आणि एकदम १४० वर उडी मारेल. बारा टक्क्यांची उडी, तीही क्षणात. पाठ सीटला चिकटते, इनटेकचा आवाज बदलतो, चालवणारा म्हणतो, ‘आली बघ किक!’ पण पाच हजार ते साडेपाच हजार या पट्ट्यात त्याने जे गमावलं, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. ती किक गमावलेल्या टॉर्कमधूनच तयार झालेली असते. आधी खड्डा खणला, म्हणून उंचवटा जाणवला.

साडेचार हजारांना लावला तर उलटा तोटा. १४० वरून एकदम १२५. आवाज मात्र लवकर बदलतो, आणि आवाज लवकर आला म्हणजे ताकद लवकर आली, असं वाटून घेणारे पुष्कळ आहेत.

आणि बरोबर पाच हजारांना लावला तर? काहीच जाणवत नाही. फक्त आवाज बदलतो. दोन रेघा जिथे भेटतात तिथे उडी नसते, खड्डा नसतो, त्यामुळे धक्काही नसतो. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना सर्वांत जास्त काम करून देणारी जागा हीच, आणि चालवणाऱ्याला सर्वांत बेचव वाटणारीही हीच. ‘काही फरक पडला नाही, पैसे वाया गेले,’ असं म्हणत गाडी परत नेणारा गिऱ्हाईक बहुधा या जागेच्या सर्वांत जवळ असतो.

शरीर असं का फसतं, याचं कारण कानात आहे. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे केसांसारख्या पेशींवर टेकलेले असतात. गाडी पुढे झेपावली की ते मागे राहतात, पेशी वाकतात, मेंदूला वर्दी जाते. हे खडे जागचे हलले की गरगरायला लागतं, आणि डॉक्टर ‘कानातले खडे सरकलेत’ म्हणतात. तेच हे खडे. त्यांच्या जोडीला पाठीची कातडी, मानेचे स्नायू. ही सगळी व्यवस्था ठरावीक वेग किती वाढतोय हे मोजण्यापेक्षा काहीतरी बदललं हे सांगण्यात तरबेज आहे. एकसारखी जोरदार ओढ काही क्षणांत सवयीची होते, छोटासा झटका मात्र लक्षात राहतो. त्यावर आवाजाची फोडणी, आणि आपणच पैसे मोजून केलेल्या बदलाबद्दलची आशा.

वैद्यकात ही गोष्ट जुनी आहे. सलाइन लावल्यावर ‘तरतरी आली’ म्हणणारे रुग्ण, ‘सुई दिली नाही म्हणजे डॉक्टरने काही केलंच नाही’ म्हणणारे नातेवाईक. जाणवलं तर गुण, नाही जाणवलं तर औषध खोटं. रक्तदाबाची गोळी काहीच जाणवू न देता काम करते, म्हणून ती मध्येच सोडली जाते. व्हीटेकच्या डब्याचं वेगळं काही होत नाही.

दुसऱ्या टोकाला बसलेल्यांशीही माझं जमत नाही. ‘कंपनीच्या इंजिनीअरांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं, हात लावू नकोस’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण अर्धवट आहे. कंपनीने आकडा ठरवताना थंड देश, उष्ण देश, निकृष्ट पेट्रोल, दुर्लक्षित ऑइल, आवाजाचे आणि धुराचे नियम, सगळं पाहिलेलं असतं. तो सगळ्यांना चालेल असा आकडा असतो, तुमच्या गाडीला सर्वोत्तम असा नव्हे. शिवाय एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बदललं, इनटेकची नळी बदलली की त्या दोन रेघा हलतात आणि छेदबिंदूही हलतो. तेव्हा तो नव्याने शोधणं हे रास्त काम आहे. जवळपास मूळ अवस्थेतल्या इंजिनात तो फार हलत नाही, इतकंच.

शोधायचा कसा? चेसिस डायनोवर. गाडीची चाकं रोलरवर चढवायची आणि दोन धावा घ्यायच्या. एकीत व्हीटेक जवळजवळ वरच्या टोकापर्यंत बंद ठेवायचं, दुसरीत शक्य तितक्या खालून सुरू. दोन आलेख एकावर एक ठेवले की छेदबिंदू समोर दिसतो. चालू करण्याचा आकडा तिथे, आणि बंद होण्याचा त्याहून दोन-तीनशे आरपीएम खाली. हा फरक ठेवावाच लागतो, नाहीतर घाटात नेमक्या त्याच आरपीएमवर गाडी चालली की पिना आत-बाहेर करत बसतात. अर्धाच अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना छेदबिंदू वेगळा पडतो. म्हणून बऱ्या नियंत्रकात कमी भार आणि जास्त भार असे दोन आकडे देता येतात.

दोन्ही धावा त्याच दिवशी, त्याच तासात, इंजिन सारखंच तापलेलं असताना घ्यायला हव्यात. १५ अंशांची सकाळ आणि ४० अंशांची दुपार यांत हवेची घनता सुमारे आठ टक्क्यांनी बदलते. मुंबईहून पुण्याला आलात तर उंचीमुळे हवेचा दाब सहा टक्क्यांच्या आसपास कमी होतो. जवळपास मूळ इंजिनात व्हीटेक हलवून मिळणारा फायदा यापेक्षा बहुधा लहानच असतो. मंगळवारी दुपारी घेतलेली चाचणी आणि रविवारी पहाटे एक्सप्रेसवेवर मारलेली फेरी यांची तुलना करून ‘फरक पडला’ म्हणणाऱ्याने बहुधा हवामान मोजलेलं असतं. एक्सप्रेसवेवर आठ हजार आरपीएम गाठायचा प्रयत्न हा वेगळाच विषय. त्याला कोइम्बतूरजवळ कारी स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. रस्ता ही प्रयोगशाळा नव्हे, तिथे दुसऱ्यांची मुलं चालतात.

मिळतं किती, याचा एक साधा हिशेब करून पाहा. समजा पहिल्या गिअरचं प्रमाण ३.२, दुसऱ्याचं २.१, तिसऱ्याचं १.४६. आठ हजारांना गिअर बदलला तर दुसऱ्यात इंजिन ५२५० ला उतरतं, तिसऱ्यात ५५६० च्या आसपास. म्हणजे व्हीटेक साडेपाच हजारांना असो की पाच हजारांना, शर्यतीसारखं चालवताना पहिला गिअर सोडला तर फरक पडतो तो दुसऱ्या गिअरच्या सुरुवातीच्या अडीचशे आरपीएममध्ये. तिसऱ्यापासून काहीच नाही, कारण इंजिन व्हीटेकच्या खाली येतच नाही. तो हुकमी आकडा सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी गिअरचं हे गणित मांडून पाहिलं असेल, मला शंका आहे.

खरी काळजीची बाजू पेट्रोलची आहे, आणि ती चालवणाऱ्यापुरती राहत नाही. संगणकाकडे दोन कॅमसाठी पेट्रोल आणि ठिणगीचे दोन स्वतंत्र तक्ते असतात. संगणकच नव्याने प्रोग्राम केला तर तक्ताही आकड्याबरोबर बदलतो. पण स्वस्त डबा नुसता सोलेनॉइडला परस्पर वीज देत असेल, तर संगणक समजतो आपण अजून शांत कॅमवर आहोत, आणि हवा मात्र हावरट कॅमची आलेली असते. मिश्रण चुकतं, ठिणगीची वेळ चुकते. पेट्रोल कमी पडलं तर नॉकिंग. जास्त झालं तर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन, आणि ते जळायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातात, तो तापून निकामी होतो. तुम्ही म्हणाल, ऑक्सिजन सेन्सर दुरुस्त करेल की. तो हलक्या पायाने चालवताना करतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की संगणक त्याचं ऐकणं थांबवतो. तसंही जुन्या गाड्यांतला हा सेन्सर मिश्रण १४.७ ला एक या प्रमाणाच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच धड सांगतो. किती अलीकडे, हे मोजायला वाइडबँड सेन्सर लागतो.

मूळ जागी असलेला व्हीटेक शहरात क्वचितच जागा होतो. तोच साडेतीन हजारांवर आणून ठेवला की रोजच्या सिग्नलला, रोजच्या उड्डाणपुलावर चुकीचं मिश्रण जळू लागतं. आणि पीयूसी? ती गाडी उभी असताना, भाराशिवाय घेतात. अशी गाडी पीयूसीत आरामात पास होते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परस्पर केलेल्या बदलांना मनाई करतं, २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूदही आणली. पण आरसी बुकात व्हीटेकचा आरपीएम लिहिलेला नसतो आणि चौकातल्या हवालदाराकडे तो पाहण्याचं साधन नसतं. त्यामुळे हा प्रश्न शेवटी डबा विकणाऱ्याच्या आणि बसवणाऱ्याच्या सचोटीवर येऊन थांबतो. वाइडबँडचा आलेख हातात न देता व्हीटेक हलवून देणाऱ्याला पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑइलचीही एक मर्यादा आहे. पिना सरकतात त्या ऑइलच्या दाबाने, आणि तो दाब फेऱ्यांबरोबर वाढतो. फार खालच्या आरपीएमला, तापून पातळ झालेल्या ऑइलवर, पीन अर्धवट सरकली तर तिच्या कडा झिजतात. कूलंट तापण्याआधी व्हीटेक सुरू न करण्याची कंपनीची अटही यासाठीच आहे. काही जण ती अट काढून टाकतात. ती काढू नये, याला माझ्याकडे दुसरी बाजू नाही.

आणखी एक गोंधळ. मागे ‘व्हीटेक’ लिहिलंय म्हणजे सगळीकडे तीच किक, असं नाही. २००६ साली आपल्याकडे आलेल्या १८०० सीसीच्या सिव्हिकमध्ये हीच कल्पना पेट्रोल वाचवायला वापरली होती. एका चालीने गाडी जात असताना झडप उशिरा मिटते आणि इंजिनाचे कष्ट कमी होतात. तिथे ‘व्हीटेक खाली आणून द्या’ म्हणणं म्हणजे चश्म्याचा नंबर वाढवून उंची मागणं. यामाहाच्या आर१५ मध्येही ७४०० आरपीएमला कॅम बदलतो, पण पीन ढकलायला तिथे ऑइल नाही, विजेवर चालणारा सोलेनॉइडच आहे.

वीस वर्षांच्या सिटीत ‘व्हीटेक येतच नाही’ किंवा ‘उशिरा येतं’ अशी तक्रार असेल, तर डबा घेण्याआधी डिपस्टिक बाहेर काढून ऑइलची पातळी पाहावी. मग सोलेनॉइडच्या तळाची बारीक जाळी काढून पाहावी. काळ्या गाळाने ती बुजली की दाब पोहोचत नाही. दाब पोहोचल्याचं सांगणारा छोटा स्विचही तिथेच असतो. त्याची वायर तुटली तरी संगणक घाबरून फेऱ्या रोखून धरतो. टॅपेट शेवटचे कधी तपासले होते, हे मिस्त्रीला विचारावं. या कामांना जाळीच्या जागी नवी गॅस्केट आणि थोडी मजुरी लागते, आणि झाल्यावर गाडी तिच्या मूळ आकड्यावर, कसलाही गाजावाजा न करता, कॅम बदलू लागते.